जुनी गाडी, नवा धनी

आपल्या वार्षिकात कथा, कविता आणि प्रवासवर्णने यांची नेहमीच दाटी असते. त्या दाटीत नट-बोल्टांच्या विषयाला जागा मागणे म्हणजे हरिनाम सप्ताहाच्या मांडवात ऐरण मांडून बसण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. पण जुनी वस्तू हाती आल्यावर तिच्यात कोठे हात घालायचा, केव्हा घालायचा आणि कोठे मुळीच घालायचा नाही, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला परका असू नये. म्हणून एक गाडी उदाहरणादाखल घेतो. तिचे नाव एम.जी.बी.

इंग्लंडातील ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार तयार झाली. १९६५ पासून तिची बंद टपाची आवृत्तीही निघाली. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. एवढी संख्या, साधी रचना आणि सुटे भाग आजही नव्याने बनत असल्यामुळे, इंग्लंडात स्वतःच्या हाताने गाडी दुरुस्त करू पाहणारा हौशी माणूस बहुधा हिच्यापाशीच येऊन थांबतो. आपल्याला ही गाडी अगदीच अनोळखी नाही. हिचे १७९८ घनसेंटीमीटरचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ घनसेंटीमीटरचे धाकटे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे धडधडत होते. २०१४ साली ॲम्बॅसडरचे उत्पादन थांबले. परंतु तिच्या बोनेटखाली उभी हयात घालवलेल्या एखाद्या मिस्त्रीला एम.जी.बी.पुढे उभे केले तर ओळख करून द्यावी लागणार नाही.

आता हा नवा धनी गाडी घरी आणतो. रंग झळझळीत, आसनांना नवे कातडे. पहिल्याच रविवारी त्याचे हात शिवशिवू लागतात, आणि घात होतो तो येथे. उत्साहाच्या भरात माणूस इंजिन उतरवतो, दारे काढतो, आतले सगळे सामान उपसतो. दोन महिन्यांत उत्साह ओसरतो, आणि मग खोक्यांत भरलेली गाडी पुढे वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. इंग्लंडात अशा अर्धवट सोडलेल्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती नित्य येत असतात. त्यांतील बहुतेक गाड्या खोलण्यापूर्वी चालत होत्या! तेव्हा मोठ्या दुरुस्तीचे नियोजन म्हणजे कामांची यादी करणे नव्हे. यादी कोणीही करील. कोणते काम कशाच्या आधी आणि कशाच्या बरोबर, हे ठरवण्यात खरे नियोजन आहे.

पहिले काम पान्याचे नाही, वाचनाचे आहे. गाडीबरोबर आलेली जुनी बिले, तपासणीचे दाखले, मागच्या धन्याची टिपणे लावून पाहावीत. क्लच केव्हा बदलला, मैलांचा आकडा मध्येच मागे तर गेला नाही ना, हे त्यांतून कळते. साठ वर्षांत पाचसहा धनी झालेल्या गाडीत प्रत्येकाने आपापली भर घातलेली असते. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ निवडून काढायला शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांना बसावे लागले. येथेही मूळ पाठ कोणता आणि मागाहून घुसडलेला कोणता, हे आधी ओळखावे लागते. त्याचा सर्वांत उघड नमुना म्हणजे वायरिंग. कारखान्याने तारांना रंगांची भाषा दिली होती: तपकिरी तारेत वीज सदैव खेळती, पांढरीत चावी फिरवल्यावर, हिरवीत चावी फिरवल्यावर फ्यूजमधून, काळी ती अर्थिंगची. या भाषेत न बसणारी तार दिसली की ती कोणा धन्याची करामत समजावी. तपकिरी तारेला वाटेत बहुधा फ्यूज नसतो, त्यामुळे ती कोठे पत्र्याला घासली तर थेट जाळच होतो. शिवाय १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, पुढे ऋण टोक जोडू लागले. हे न पाहता नवा रेडिओ बसवणाऱ्याचा रेडिओ जळतो. आरंभीच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे जमिनीखाली दडवलेल्या असत. दृष्टीआड असल्यामुळे त्यांचे पेटारे आधी गंजतात.

गंजाचे नाव निघालेच आहे, तर या गाडीचे खरे मर्मस्थान सांगितले पाहिजे. हिच्या आधीच्या एम.जी.ए. या गाडीला खाली वेगळी लोखंडी चौकट होती आणि वर अंग बसवलेले होते. एम.जी.बी.ला अशी चौकट नाही. पत्र्याचे अंग हीच तिची चौकट. उघड्या गाडीला वरून छताचा आधार नसतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचा मोठा भार दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ तुळयांवर पडतो. प्रत्येक तुळई तीनचार पत्रे एकमेकांना जोडून केलेली असते. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. मिठाचे पाणी या पोकळीत शिरते आणि तुळई आतून बाहेर कुजत येते. बाहेरून दिसते तोवर आत काही उरलेले नसते. त्यावर नवा पत्रा डकवून रंग मारणे हा विक्रेत्यांचा जुना डाव आहे.

याची एक साधी पारख आहे. दार मिटून दाराच्या मागची फट पाहून ठेवावी, मग गाडी एका बाजूने जॅकवर हलकेच उचलावी. फट अरुंद झाली किंवा दार अडकू लागले, तर गाडी मध्ये वाकते आहे, म्हणजे तुळई गेली. असे निघाले तर बाकीचे सारे बेत बाजूला ठेवावे लागतात. इंजिनावर केलेला खर्च, नवे कातडे, नवा रंग यांतले काहीही कुजक्या तुळयांच्या आधी करणे म्हणजे पाया खचलेल्या घराला झुंबर टांगणे होय. हे काम करताना एका वेळी एकच बाजू कापायची, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार जोडून घ्यायचा आणि दार पुनःपुन्हा बसवून फट मोजत राहायचे. आधाराशिवाय दोन्ही बाजू कापल्या तर गाडी किंचित खचते आणि खचलेल्या आकारातच जोडली जाते. मग दारे जन्मात नीट मिटत नाहीत. ज्याचा वेल्डिंगचा हात बसलेला नाही त्याने हे काम पैसे देऊन करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८८ पासून इंग्लंडात एम.जी.बी.चे संपूर्ण अंगच नव्याने तयार मिळू लागले, यावरून या दुखण्याची व्याप्ती लक्षात यावी.

अंग धड निघाले तर पुढचा मान ब्रेकचा. वेग वाढवण्याचे बेत सगळेच करतात, थांबण्याचा विचार मागाहून सुचतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. तसे झाले म्हणजे घाटात ब्रेक तापल्यावर त्यात वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते. म्हणून मागच्या धन्याने काहीही सांगितले तरी हे तेल पहिल्याच महिन्यात बदलावे. चाकांजवळच्या रबरी नळ्या बाहेरून नव्यासारख्या दिसतात, पण आतून फुगलेल्या असतात. पाय दाबला की तेल चाकाकडे जाते, पाय काढला तरी परत येत नाही, आणि ब्रेक धरलेलाच राहतो. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच नळमार्ग होता. एक नळी फुटली की चारही गेले. टायरची खोली भरपूर दिसली तरी भुलू नये. २००० सालापासून टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हौशी माणसाची गाडी थोडी धावते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या चाळीस वर्षांवरील गाड्यांना वार्षिक सक्तीच्या तपासणीतून सूट आहे. सवलत म्हणून ती गोड वाटते. परंतु वर्षातून एकदा परक्या माणसाची नजर गाडीच्या पोटाखालून फिरत असे, ती आता फिरेलच असे नाही. घरी दुरुस्ती करणाऱ्याने तरी ही तपासणी आपणहून करून घ्यावी. आपणच आवळलेला बोल्ट आपल्याला नेहमी घट्टच दिसतो.

पेट्रोलचीही दखल घ्यावी लागते. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, भेगाळतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. नळ्या बदलणे एका सकाळचे काम आहे आणि न बदलल्यास गाडी जळू शकते. तेव्हा हे काम पुढे ढकलण्याचे कारणच नाही. शिशाचे पेट्रोल १९९९ च्या अखेरीस तेथील पंपांवरून गेले. त्याच्या भरवशावर बनलेल्या मऊ व्हॉल्व्ह सीटा हळूहळू झिजतात, पण ते दुखणे सावकाशीचे आहे. पुढे कधी हेड उतरवावेच लागले तर त्याच वेळी कठीण सीटा बसवून घ्याव्यात. तेवढ्यासाठी चालते इंजिन उघडू नये.

एवढे झाल्यावर मात्र गाडी चालवावी. एक उन्हाळाभर नुसती चालवावी आणि वही ठेवावी. तेल किती जळते, तापलेले इंजिन धावताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांच्या खाली येतो का, क्लच घसरतो का, दुसऱ्या गिअरला खरखर होते का, हे लिहीत जावे. लहानसहान कामे या काळात होतात. टॅपेटचे अंतर इंचाचे १५ सहस्रांश ठेवायचे असते, आणि त्याची एक मौज आहे. आठ व्हॉल्व्हपैकी जो पूर्ण दबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करावा. उरेल त्या क्रमांकाचे टॅपेट सेट करावे. आठवा दबला तर पहिला, सहावा दबला तर तिसरा. गणिताला भिऊन कला शाखेकडे वळलेल्यांनाही हे जमावे! पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस देताना चाक जमिनीवरून उचललेले असावे, नाहीतर भार असलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही. एका वेळी एकच वस्तू बदलावी. प्लग, कंडेन्सर, कॉइल सगळे एकदम नवे घातले आणि गाडी अडखळू लागली, तर दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. आणि काढलेला जुना भाग फेकू नये. नवा भाग नवा आहे म्हणून चांगला असतोच असे नाही.

वहीवरून थंडीतल्या मोठ्या कामाचा आराखडा आपोआप तयार होतो. समजा, क्लच घसरतो आहे. एम.जी.बी.त क्लच बदलायचा तर इंजिनच बाहेर काढावे लागते. एका तबकडीसाठी एवढा खटाटोप करायचा, तर त्या खटाटोपात आणखी काय उरकायचे हे आधीच लिहून काढावे. प्रेशर प्लेट आणि कार्बनचे रिलीज बेअरिंग तर बदलायचेच. क्रँकच्या मागच्या टोकाचे तेलसील (१९६४ च्या अखेरीपासूनच्या, पाच बेअरिंगांच्या इंजिनात), गिअरबॉक्सचे पुढचे सील आणि इंजिनाखालची रबरे हीही त्याच वेळी. हे सुटे भाग इंजिन काढण्याआधी घरात आलेले असावेत. यादीची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची, ती म्हणजे काय करायचे नाही. गिअरबॉक्स तक्रार करीत नसेल तर उघडू नये. ‘आता हात लागलाच आहे तर’ हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाईल, तितकी गाडी वसंतापासून लांब जाते.

खोलताना प्रत्येक जोडणीचा आधी फोटो काढावा; खिशातल्या फोनचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. बोल्ट त्यांच्या जागेप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठीसह ठेवावेत. बॅटरीची तार सर्वांत आधी सोडावी. गाडीखाली जायचे तर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये; भक्कम लोखंडी स्टँड, तेही धड पत्र्याखाली, सपाट फरशीवर. जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकून उडवू नये, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते.

इंजिन परत बसल्यावर लगेच चालू करण्याचा मोह होतो. त्याआधी प्लग काढून ठेवून, कॉइलची तार सोडून, सेल्फवर इंजिन थोडे थोडे फिरवावे, तेलाच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत. मग प्लग बसवून चालू करावे आणि पहिली दहा मिनिटे गाडीपुढे उभे राहून कोठे तेल ठिबकते, कोठे पाणी झिरपते ते पाहावे. हेड उतरवले असेल तर पहिल्या काहीशे मैलांनंतर त्याचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळायचे, आणि ते आवळल्याने टॅपेटचे अंतर बदलते, म्हणून नवाचा हिशेब मांडून आठही टॅपेट पुन्हा एकदा मोजायचे.