आगीचा बंब आणि आपण सुरतकर



आपल्या अनेक घरांतली मुले आता कॅनडा-अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेल्या ज्येष्ठांनी तिथल्या लहान गावातला 'फायर हॉल' पाहिला असेल. बाहेरून साधी शेड आणि आत एक-दोन बंब. बऱ्याच ठिकाणी तिथे पगारी जवान नसतात. गावातलाच शिक्षक, सुतार किंवा दुकानदार आगीची सूचना येताच हातातले काम टाकून बंबावर जातो. कॅनडा आणि अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशामक असे स्वयंसेवक आहेत. जर्मनीत त्यांची संख्या सुमारे दहा लाख आहे. चिली देशात तर सगळे दलच स्वयंसेवकांचे आहे.

आपल्याकडे ही पद्धत का रुजली नाही आणि सुरतेत राहणाऱ्या आपण मराठी मंडळींनी तिच्यातून काय घ्यावे, हे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बंब हा शब्द

'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला. त्याचा अर्थ पंप. गुजरातीत त्याचाच 'बंबो' झाला. जुने सुरती लोक 'लायबंबा' म्हणतात. लाय म्हणजे आग. चिलीतल्या स्वयंसेवकांना 'बोंबेरो' म्हणतात, तेही याच मुळातून. म्हणजे आग विझवणाऱ्याची ओळख जगभर पाणी उपसण्याच्या साधनावरून झाली आहे.

बादल्यांपासून सुरुवात

१७३६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी शेजाऱ्यांना जमवून 'युनियन फायर कंपनी' काढली. तिच्याकडे सुरुवातीला मोठी यंत्रे नव्हती, लेखी करार होता. प्रत्येक सभासदाने स्वतःच्या खर्चाने चामड्याच्या बादल्या आणि कापडी पिशव्या कायम तयार ठेवायच्या. बादल्या पाण्यासाठी आणि पिशव्या जळत्या घरातले सामान वाचवण्यासाठी. महिन्याला सभा भरे आणि गैरहजर राहणाऱ्याला दंड होई. त्याच दंडाच्या रकमेतून पुढे बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले. आमच्यासारख्या बँकेत हयात घालवलेल्यांना हा हिशेब फार आवडतो. १७५२ मध्ये याच शहरात आगीच्या विम्याची परस्पर संस्थाही उभी राहिली. आधी शेजारधर्म, मग यंत्र, मग विमा असा तो क्रम होता.

सुरत, २४ एप्रिल १८३७

फिलाडेल्फियानंतर शंभर वर्षांनी आपल्या शहरात काय घडले ते पाहा. २४ एप्रिल १८३७ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास मच्छलीपीठ भागातल्या एका घरात उकळते डांबर सांडले आणि आग लागली. जवळच विहीर होती, पण शेजाऱ्यांनी तिचे पाणी काढू दिले नाही, अशी नोंद आहे. दाट वस्ती, लाकडी घरे आणि वारा. रात्री या आगीचा उजेड वीस-तीस मैलांवरून दिसत होता. दुसऱ्या दिवशी ती थोडी मंदावली, पण वारा फिरताच पुन्हा भडकली आणि २६ तारखेपर्यंत जळत राहिली. नऊ हजारांवर घरे गेली, पाचशेहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी तापीला पूरही आला. व्यापारात मुंबईच्या मागे पडत चाललेल्या सुरतेला या दुहेरी तडाख्याने आणखी खाली ओढले.

एक विहीर खुली असती तर एवढे शहर वाचलेच असते, असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण आगीची पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांच्या हातात असतात, हे त्या विहिरीने दाखवून दिले.

आपल्याकडे पगारी दल

सुरतेला नगरपालिका मिळाली १८५२ मध्ये आणि महानगरपालिका १९६६ मध्ये. आपल्या शहरांत आग विझवणे हे सरकारी काम मानले गेले. मुंबईत ते आधी पोलिसांकडे होते, १८८७ पासून नगरपालिकेच्या अग्निशमन दलाकडे आले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनेही हा विषय शहरी स्थानिक संस्थांच्या यादीत घातला.

पगारी दलाचे मोल मोठे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आग विझवायला गेलेले ६६ जवान कामी आले. म्हणून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. पण दल पगारी झाले तशी नागरिकांची सवय मात्र सुटली. फोन केला की आपले काम संपले, असे आपण धरून चालतो.

सरथाणा, २४ मे २०१९

तक्षशिला इमारतीची आग आपण कोणीच विसरलो नाही. वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेल्या मुलांना धुरामुळे जिन्याने उतरता येईना, म्हणून अनेकांनी खाली उड्या टाकल्या. २२ विद्यार्थी गेले. त्या दिवशी वाटेवरची काही माणसे जीव धोक्यात घालून वर चढली आणि त्यांनी मुलांना उतरवले. धाडस त्यांच्याकडे होते. सराव, दोर किंवा जाड जाळे मात्र जवळ नव्हते. १८३७ ला मदतीची इच्छा कमी पडली, २०१९ ला तयारी.

आपण काय करू शकतो

स्वयंसेवेची वाट आपल्याकडेही आहे. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याखाली स्वयंसेवक घेतले जातात आणि त्यांना आग विझवण्याचे व प्रथमोपचाराचे शिक्षण मिळते. सुरत हे नागरी संरक्षणाच्या यादीतले शहर आहे. मे २०२५ मधला देशव्यापी सराव अनेकांना आठवत असेल. आपल्या तरुणांनी त्यात नाव घालावे.

दुसरी वाट आपल्या अंगणातच आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथे गणेशोत्सवात आपले शेकडो कार्यकर्ते रात्रभर जागतात. रांगा लावणे, गर्दी सांभाळणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे हे सगळे त्यांना येते. फायर हॉलला लागणारी माणसे आपल्याकडे तयारच आहेत. उणीव आहे ती बादलीची आणि सरावाची. प्रत्येक मंडपात वाळूच्या बादल्या, भरलेली अग्निशामक नळकांडी, मोकळी ठेवलेली दुसरी वाट आणि वीजजोडणी तपासणारा जाणकार एवढे असलेच पाहिजे.

सोसायटीसाठीही काही साध्या गोष्टी:

– बँकेच्या शाखेत लाल नळकांडे पुन्हा भरण्याची तारीख उलटलेली दिसली की तपासणीत शेरा बसे. तीच नजर आपल्या जिन्यातल्या नळकांड्यावर ठेवा.
– नळकांडे वापरताना आधी पिन काढा, मग नळी ज्वाळेच्या टोकाकडे न धरता बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा.
– कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवा.
– विजेची आग असेल तर आधी मुख्य स्विच बंद करा.
– धुरात वाकून चाला, लिफ्ट टाळा. जिन्यात सायकली आणि अडगळ ठेवू नका. गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना माहीत असू द्या.
– मुलांच्या क्लासला पहिल्या दिवशी फी भरतानाच दुसरा जिना कुठे आहे ते विचारा. विचारायला संकोच नको.
– आग दिसताच १०१ किंवा ११२ लावा आणि एकाला रस्त्यावर बंबाला वाट दाखवायला उभे करा.

येत्या गणेशोत्सवाच्या तयारीच्या सभेत वर्गणी आणि सजावटीबरोबर हा विषयही घ्यावा, अशी आमची विनंती आहे. प्रत्येक मंडळाने निदान पाच जणांची नावे त्याच दिवशी लिहून घ्यावीत.