राई परिसरातील तळी आणि गळावरचा मरळ

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मुर्धे, राई आणि मोर्वा ही गावे खाडी व मिठागरांच्या शेजारी वसलेली असल्यामुळे तेथील मासेमारीचा विचार खाऱ्या पाण्यापाशीच थांबतो. मात्र अशा किनारी गावांतील गोड्या पाण्याची तळी गळाने मासे धरणाऱ्यांसाठी तितकीच मोलाची आहेत.

अमेरिकेतील हौशी गळकरी क्रॅपी या तळ्यातील माशामागे जातात, तसा मान आपल्याकडे मरळाला आहे, आणि तो सार्थ आहे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीतील विशेष इंद्रियाने हा मासा थेट हवेतील प्राणवायू घेतो, त्यामुळे प्राणवायू कमी झालेल्या गढूळ पाण्यातही तो तग धरतो, आणि श्वासासाठी वर येताना उठणारी वलये जाणकाराला त्याची जागा दाखवतात. दबा धरून शिकार करणारा असल्याने तो पाणवनस्पतींच्या कडेला टाकलेल्या बेडकावर किंवा छोट्या माशावर झडप घालतो. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया, ज्याला अनेक ठिकाणी चिलापी म्हणतात, मचूळ पाण्यातही वाढतो. त्याच्यासाठी बारीक गळ, गांडूळ आणि तरंगणारी मोरपिसाची दांडी पुरते, कारण ती बुडताच मासा लागल्याचे कळते.

पावसाळ्यात मरळाची जोडी तांबूस पिल्लांच्या थव्याची राखण करते; अशा वेळी पालक मासा धरल्यास सारी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात, म्हणून त्या थव्याजवळ गळ टाकणे सर्वथा वर्ज्य मानावे.