बाळहिरडा : कोवळ्या फळातील औषध

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिरड्याची झाडे विपुल असून, महादेव कोळी कुटुंबांच्या उन्हाळी मिळकतीचा मोठा भाग त्यांच्या कोवळ्या फळांवर, म्हणजे बाळहिरड्यावर, अवलंबून असतो. आतील आठळी टणक होण्यापूर्वीच उतरवलेली ही फळे उन्हात वाळवली की सुरकुतून काळी पडतात. पूर्ण वाढलेले फळ मात्र वाळल्यावर पिवळसर तपकिरी दिसते, त्यावर ठळक कंगोरे उमटतात आणि त्याची साल बेहडा व आवळा यांच्यासह त्रिफळा चूर्णात जाते. फळातील टॅनिन, म्हणजे प्रथिनांना घट्ट करणारे तुरट द्रव्य, कातडी कमावण्यास उपयोगी पडते, तसेच लोहाशी संयोग पावून काळा रंग देते. बद्धकोष्ठतेवर बाळहिरडा एरंडेल तेलात परतून देण्याची पद्धत जुनी आहे. तथापि गर्भवतींनी तो घेऊ नये, असे आयुर्वेद सांगतो, आणि घरगुती औषध निरुपद्रवीच असते अशी समजूत रूढ असल्याने हा निषेध ठळकपणे सांगणे आवश्यक ठरते. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील, महादेव कोळी कुटुंबांच्या मिळकतीचा आधार असलेल्या हिरड्याचे मोठे नुकसान केले.