घोरणे : मुखयंत्र देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

राळेगाव परिसरातील चिकित्सकांकडे घोरण्याची तक्रार रुग्ण स्वतः क्वचितच सांगतो. ती सांगतात त्याच्या घरची मंडळी. मग मेदोहर कल्प दिला जातो, किंवा औषधी दुकानातून नाकावरची पट्टी अथवा गरम पाण्यात मऊ करून चावावयाचे मुखयंत्र नेले जाते. आवाज थांबला की सर्वांचे समाधान होते. आमचा आक्षेप आहे तो या समाधानाला.

सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या १५ व्या अध्यायात स्थौल्याच्या लक्षणांत ‘क्रथन’ सांगितले आहे. टीकाकार त्याचा अर्थ अकस्मात होणारा श्वासावरोध असा करतात. झोपेत मृदू टाळू व जिव्हामूल शिथिल होऊन अरुंद मार्गात कंप पावतात, तेव्हा घोर ऐकू येते. मार्ग मिटून श्वास १० सेकंद वा अधिक थांबला, तर तो निद्राश्वासरोध. श्वास पूर्ण वा अंशतः अडण्याचे असे प्रसंग तासाला ५ ते १५ असता व्याधी सौम्य, ३० व त्यापुढे तीव्र समजतात. म्हणून घरच्यांना विचारावे : घोरता घोरता श्वास थांबतो का? रुग्ण गुदमरून दचकतो का? दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का? उत्तर होकारार्थी असेल, वा रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर आधी निद्रापरीक्षण करवून घ्यावे. आखूड हनुवटीचा कृश रुग्णही यातून सुटत नाही.

मुखयंत्र खालचा जबडा पुढे धरून जिभेमागील मार्ग मोकळा ठेवते. त्यास पुरेसे व घट्ट दात लागतात. दात नसलेल्यांसाठी जीभ ओढून धरणारे निराळे यंत्र असते. दुकानातील तयार यंत्रापेक्षा दंतवैद्याने ठसे घेऊन केलेले अधिक नीट बसते. त्यासाठी आपल्या बाजूच्या रुग्णास सावंगी (मेघे) वा नागपूरच्या दंत महाविद्यालयात विचारणा करता येईल. लाळ सुटणे, सकाळी जबडा दुखणे, कालांतराने दातांची ठेवण बदलणे हे उपद्रव विक्रेत्याने आधीच सांगावेत. घोर शमली तरी श्वासरोध उरलेला असू शकतो. तीव्र व्याधीत दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्रच प्रथम होय.

एक गोष्ट आपल्याच औषधपेटीतील. घोरणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णास सर्पगंधा देताना तिच्यातील रिसर्पिनने नाक चोंदते, हे ध्यानी असू द्यावे. मद्य व झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू अधिकच शिथिल करतात.

नाक चोंदल्याने घोरणाऱ्यास अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य देण्यास हरकत नाही. जिव्हामूल मागे पडणाऱ्याने मात्र त्यावर विसंबू नये. वजन उतरविणे व कुशीवर निजणे हे उपाय दोघांसही हितकर. २०२५ मध्ये जयपूरच्या चिकित्सकांनी मध्यम श्वासरोधाच्या ३० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, किमान १५ मिनिटे शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोपाळूपणाची तक्रार व रात्रीचे श्वासरोध, केवळ दीर्घश्वसन करणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झाले. संख्या लहान आहे, आणि तीव्र व्याधीचे रुग्ण त्यात नव्हते.