दुखणं सारखं, कळ वेगळी

बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवण्याची एक जुनी चाचणी आहे. कुणी अर्ध्या मिनिटात हात बाहेर काढतो, कुणी दोन-तीन मिनिटं तग धरतो, दोघेही ठणठणीत. फरक निव्वळ सोशिकपणाचा नसतो. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या चेता वेदनेचे संदेश वाटेतच दाबू शकतात. त्यात शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन मदत करतात. १९७८ साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. खोट्या औषधाने ज्यांना आराम पडला होता, त्यांचं दुखणं नॅलोक्सोन टोचल्यावर वाढलं. हे औषध एंडॉर्फिनचा परिणाम रोखतं. म्हणजे तो आराम मनाचा खेळ नव्हता! ही यंत्रणा कुणात जोरकस, कुणात मंद. झोपमोड झाली की आणखी ढिली. तेव्हा इंजेक्शनला कळवळणाऱ्याला ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नका.