ठिणगी हवीच!

वाराणसीत शिंदे घाटाला लागून संकठा घाट आहे आणि पुढे गंगामहालापलीकडे नागपूरकर भोसल्यांचा. या घाटांमागच्या जुन्या काशीच्या गल्ल्यांत पूर्वी डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं असे. 2015 साली सुरू झालेल्या आयपीडीएस या वीजवितरण सुधारणा योजनेत सुमारे 16 चौरस किलोमीटर भागातल्या तारा जमिनीखाली गेल्या. फोटो काढणाऱ्यांची सोय झाली! पण अशा 11 केव्हीच्या केबलमध्ये बिघाड झाला, की ती वाहिनी (फिडर) ट्रिप करायचं, म्हणजे तोडायचं काम उपकेंद्रातल्या ब्रेकरचं, आणि तो आज बहुधा व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्युम सर्किट ब्रेकर असतो.

त्यात सिरॅमिकची बंद बाटली आणि आत तांबं-क्रोमियमचे दोन संपर्क. ते जेमतेम सेंटिमीटरभर दूर होतात. आत हवाच नाही, तर प्रवाह तत्क्षणी थांबायला हवा. थांबत नाही. सुटता सुटता धातूचा शेवटचा बिंदू वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतच ठिणगी पेटते. कॅथोडवर काही मायक्रोमीटरचे लखलखते ठिपके उमटतात. तांब्यावरचा एक ठिपका साधारण 100 अँपियरपर्यंत पेलतो. त्याहून जास्त झालं की दुभंगतो. म्हणजे 10,000 अँपियरच्या शॉर्टसर्किटला शंभरेक ठिपके. प्रत्येकाखाली धातूचा सूक्ष्म स्फोट होतो, सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास वेगानं प्लाझ्मा उसळतो, खड्डा पडतो आणि त्याच्या काठावर नवा ठिपका पेटतो.

आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं तर हे ठिपके चुंबकीय बलाच्या नियमानं अपेक्षित असलेल्या दिशेच्या बरोब्बर उलट पळतात. हा उलटेपणा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. स्पष्टीकरणं ढीगभर आहेत, सर्वमान्य एकही नाही.

ब्रेकरचं काम मात्र त्यावाचून अडत नाही. आपला 50 हर्ट्झचा प्रवाह सेकंदात 100 वेळा शून्यावर येतो. तिथे ठिपके विझतात, उरलेली वाफ काही मायक्रोसेकंदांत भोवतालच्या ढालीवर बसते आणि पुन्हा पेटायला काही उरत नाही.

ठिणगी ही ब्रेकरची खोड नव्हे, त्याचं हत्यार आहे. ती शून्याआधीच विझली, तर प्रवाह अचानक तुटून मोटार-ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत घातक व्होल्टेज उसळतं. निव्वळ तांब्याऐवजी तांबं-क्रोमियम वापरण्याचं एक कारण हेच: त्यावरचे ठिपके अगदी कमी प्रवाहापर्यंत तग धरतात.

बाटली उघडून दुरुस्त करता येत नाही. आतली निर्वात पोकळी शाबूत आहे का, हे सहसा संपर्क उघडे ठेवून त्यांच्यावर उच्च व्होल्टेज देऊन तपासतात.