सामुदायिक नभोवाणी केंद्राचे चालन

नभोवाणी केंद्र म्हटले की मोठ्या शहरातील इमारत, महागडी यंत्रसामग्री आणि पगारी अधिकारी वर्ग यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. अशा केंद्रावर बोलणारे थोडे आणि ऐकणारे लक्षावधी असतात. परंतु गेल्या दोन दशकांत आपल्या देशात नभोवाणीचा आणखी एक प्रकार रुजला आहे. येथे ऐकणारा व बोलणारा एकाच पंचक्रोशीतील असतो, केंद्राचे बरेचसे काम स्वयंसेवक करतात आणि नफा मिळविणे हा केंद्राचा हेतू नसतो. यालाच सामुदायिक नभोवाणी किंवा कम्युनिटी रेडिओ असे म्हणतात. शाळा ही गावातील ज्ञानाची सर्वांत जवळची जागा असल्यामुळे असे केंद्र जेथे निघते तेथे शिक्षकाकडे साहाय्य मागितले जाते. तेव्हा हे केंद्र कसे चालते, कशाने टिकते आणि कशाने बंद पडते, याची माहिती प्रत्येक शिक्षकास असणे इष्ट आहे.

पूर्वपीठिका

खेडे आणि नभोवाणी यांची सांगड घालण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवरच झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा, याप्रमाणे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि जमेल ते कृतीत आणावे, अशी त्यामागील कल्पना होती. मंडळांचे प्रश्न व अभिप्राय पुण्यास जात आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. कॅनडात १९४१ पासून चालू असलेल्या शेतकरी श्रोतृमंडळांचा आदर्श त्यापुढे होता. गावकरी केवळ मुकाट्याने ऐकत नाही, त्याला बोलावयाचेही असते, ही गोष्ट या प्रयोगाने सिद्ध केली. मात्र प्रक्षेपणाचे यंत्र पुण्यासच राहिले. गावाचा आवाज पत्रांतून जाई, लहरींतून नव्हे.

पुढील पाऊल पडण्यास चार दशके लागली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निर्माण झालेल्या एका वादात निर्णय दिला. नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा उपयोग लोकहितासाठी झाला पाहिजे, असे तत्त्व त्यात मांडले गेले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे हा निर्णय देणाऱ्या न्यायपीठावर होते. त्यानंतर २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे काढण्याची मुभा दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. नोव्हेंबर २००६ मध्ये हे धोरण अधिक उदार झाले आणि सेवाभावी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही परवानगी मिळू लागली. २००८ साली, तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात, माचनूर येथे संघम रेडिओ सुरू झाला. दलित समाजातील ग्रामीण स्त्रिया तो चालवू लागल्या. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, माणदेशी तरंग वाहिनीचा आरंभ झाला.

परवानगी व नियम

असे केंद्र कोणा एका व्यक्तीस काढता येत नाही. राजकीय पक्ष आणि नफ्यासाठी चालणारे व्यवसाय यांनाही ते काढता येत नाही. अर्ज करणारी संस्था नफा न मिळविणारी असावी लागते आणि सेवाभावी संस्थेस त्या समाजात किमान तीन वर्षे काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. परवाना केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मिळतो.

कार्यक्रमांविषयीचे नियम शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावेत. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने, स्थानिक पातळीवरच तयार झालेले असले पाहिजेत. ते शक्यतो तेथील भाषेत व बोलीत असावेत. केंद्राने स्वतः बातम्या गोळा करून देऊ नयेत. बातम्या द्यावयाच्या तर आकाशवाणीवरून घेतलेल्याच द्याव्यात. प्रसारित झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जतन करावे लागते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरातींची मर्यादा तासास बारा मिनिटे केली आणि केंद्राच्या सल्लागार व कार्यक्रम समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा दंडक घातला.

यंत्रसामग्री

केंद्राची प्रभावी प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० वॉट असते. पूर्वी घरोघर लागणारा विजेचा मोठा दिवा तेवढीच वीज घेई. एवढ्या अल्प शक्तीवर सपाट मुलखात दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत आवाज स्वच्छ ऐकू येतो. नुसता दहा किलोमीटरचा त्रिज्यामार्ग धरला तरी तीनशेहून अधिक चौरस किलोमीटरचा प्रदेश त्यात येतो. ९०.४ मेगाहर्ट्झ या वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे ३.३ मीटर असते. ही लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, म्हणून डोंगराच्या पलीकडील वस्तीवर आवाजाची सावली पडते. यास्तव यंत्राची शक्ती वाढविण्यापेक्षा आकाशकाठी योग्य उंचीवर उभारणे अधिक उपयोगाचे ठरते. तिची उंची जमिनीपासून तीस मीटरपर्यंत ठेवण्याची मुभा आहे. आकाशकाठी जोडलेली नसताना प्रक्षेपक चालू करू नये. बाहेर जाऊ न शकलेली शक्ती परत यंत्रातच येते आणि त्याचे भाग जळतात. विजेपासून संरक्षणासाठी काठीस भूसंपर्क तार असलीच पाहिजे.

ध्वनिमुद्रणाची खोली रस्त्यापासून दूर असावी. उघड्या भिंतींवरून आवाज परावृत्त होऊन घुमतो. भिंतींस जाड पडदे किंवा जुन्या गोधड्या लावल्या तरी हा दोष पुष्कळ कमी होतो. वीज जाते त्या वेळेसाठी विद्युत्घटांची सोय हवी. ही सर्व तयारी पैशाने विकत घेता येते. जे विकत मिळत नाही ते पुढे सांगितले आहे.

स्वयंसेवकांचे गणित

केंद्र सुरू होते उत्साहावर, परंतु चालते ते वेळापत्रकावर. येथे एक साधे गणित मांडून पाहणे उपयुक्त होईल. समजा, एका केंद्राने रोज दोन तास नवे कार्यक्रम देण्याचे ठरविले. आठवड्याचे चौदा तास, म्हणजे अर्ध्या तासाचे अठ्ठावीस कार्यक्रम झाले. विषय ठरविणे, माणसांना भेटणे, ध्वनिमुद्रण करणे, नको तो भाग कापणे आणि निवेदन लिहिणे यांस प्रत्येक कार्यक्रमामागे चार तास धरले, तर आठवड्यास एकशे बारा तासांचे काम होते. प्रपंच सांभाळून आठवड्यातून चार तास देणारा स्वयंसेवक हा चांगला स्वयंसेवक समजावा. या हिशेबाने अठ्ठावीस स्वयंसेवक लागतील आणि त्यांपैकी एकानेही आजारी पडता कामा नये!

सुगीच्या दिवसांत, लग्नसराईत आणि परीक्षांच्या काळात ही संख्या हमखास निम्म्यावर येते. मग उरलेल्या चौघा-पाचांवर सर्व भार पडतो, ते थकतात, आणि केंद्रावर दिवसभर गाण्यांच्या ध्वनिफिती वाजू लागतात. यंत्र चालू असते, पण गाव त्यातून निघून गेलेला असतो. म्हणून रोज एकच तास नवा कार्यक्रम द्यावा आणि तोच दुसऱ्या वेळी पुन्हा लावावा, हे अधिक शहाणपणाचे होय. तेवढ्यास चौदा स्वयंसेवक पुरतात. सकाळी शेतावर गेलेल्याला संध्याकाळी तोच कार्यक्रम ऐकावयास मिळतो, हा वेगळाच लाभ. प्रत्येक पाळीस एक मुख्य व एक बदली माणूस नेमावा. प्रक्षेपक चालू व बंद करणे निदान चौघांना आले पाहिजे. ज्या केंद्राची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते, ते केंद्र त्या माणसाच्या सवडीने चालते आणि त्याच्या बदलीने बंद पडते.

स्वयंसेवकास वेतन नसले तरी त्याचा प्रवासखर्च, चहा आणि प्रशिक्षण यांची तरतूद अंदाजपत्रकात असावी. फुकट मिळालेल्या श्रमाची किंमत न ओळखणारे केंद्र फार काळ टिकत नाही. विजेचे देयक व दुरुस्ती यांसाठी काही उत्पन्नही लागतेच. ते स्थानिक जाहिराती, देणग्या व शासकीय संदेशांचे मानधन यांतून मिळते. जमाखर्च दरमहा गावापुढे वाचून दाखविल्यास संशयास जागा राहत नाही.

कार्यक्रम आणि बोली

कार्यक्रम कशाचे करावेत, असा प्रश्न नव्या चालकांना पडतो. त्याचे उत्तर गावातच असते. बाजारभाव, टँकरची वेळ, लसीकरणाचा दिवस, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या वृद्धा, विहीर पुनर्भरणाचा अनुभव सांगणारा शेतकरी, हे सर्व विषय दाराशी उभे आहेत. २०२० साली कोविडच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा देशातील अनेक सामुदायिक केंद्रांनी आरोग्याची माहिती व मुलांसाठी पाठ प्रसारित केले. ज्या घरी मोबाईल एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, त्या घरी रेडिओचा संच उपयोगी पडला. अफवा पसरते तेव्हाही ओळखीच्या आवाजावरच लोकांचा विश्वास बसतो. म्हणून माहितीची खात्री केल्याखेरीज एक वाक्यही प्रसारित न करण्याची शिस्त केंद्राने पाळलीच पाहिजे. एकदा गमावलेला विश्वास दुसऱ्या दिवशीच्या खुलाशाने परत येत नाही.

या ठिकाणी बोलीचा प्रश्न येतो आणि त्याचा शिक्षकाशी निकटचा संबंध आहे. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापुढे बसताच गावातील माणूस एकदम अवघडतो आणि पुस्तकी भाषेत बोलू लागतो. आपली बोली अशुद्ध आहे, ती चारचौघांत बोलू नये, असा समज त्याच्या मनात शालेय वयापासून घर करून असतो. परिणामी ज्याला चारा छावणीविषयी एक तास बोलता येईल, तो दोन मिनिटांत मौन पत्करतो. प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहेच. तिच्यावाचून मुलाला पुढील शिक्षणाचे दार उघडत नाही. परंतु प्रमाणभाषा देताना बोलीची लाज देण्याचे कारण नाही. लेखनात प्रमाणभाषा आणि अनुभवकथनात बोली, असा विवेक मुलांना लहानपणीच शिकविता येतो. आजीची बोली यंत्रातून घरी ऐकू येते, तेव्हा त्या घरातील मुलाला आपल्या भाषेकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळते.

शिक्षकांचे कार्य

ज्या शाळेच्या परिसरात असे केंद्र आहे, तेथील शिक्षकांस पुढील गोष्टी सहज करता येतील.

(१) महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम बसवावा. त्यात पाठांतर कमी आणि मुलांनी स्वतः गोळा केलेली माहिती अधिक असावी. गावातील सर्वांत जुने झाड, बंद पडलेली बारव, नाहीशी झालेली पिके, असे विषय द्यावेत.

(२) प्रश्न विचारण्याचा सराव वर्गात घ्यावा. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असा प्रश्न टाळून ‘कसे’ व ‘का’ विचारावयास शिकवावे. मुलाखतीस जाण्यापूर्वी मुलांकडून पाच प्रश्न लिहून घ्यावेत.

(३) मुखर वाचनाच्या तासाचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो. यंत्रापासून वीतभर अंतर ठेवून, बोलण्याच्या स्वाभाविक लयीत वाचण्याची सवय लावावी. स्वतःचे वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकले म्हणजे मुलाला आपल्या चुका आपोआप कळतात.

(४) नेहमी बोलणाऱ्या चार हुशार मुलांनाच पुढे करू नये. मागच्या बाकावरील, अबोल आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचीही पाळी ठरवून द्यावी. पालकांची संमती आधी घ्यावी आणि मुलाच्या घरगुती अडचणी प्रसारित होणार नाहीत याची दक्षता बाळगावी.

(५) केंद्राच्या समितीवर शिक्षक असल्यास त्याने मार्गदर्शन करावे, परंतु केंद्र आपल्या हाती घेऊ नये. शिक्षकाची बदली होते. गाव तेथेच राहतो.

जेथे केंद्र नाही, तेथेही एवढ्यासाठी थांबण्याचे कारण नाही. परिपाठाच्या वेळी शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून आठवड्यातून एक दिवस मुलांनी तयार केलेले दहा मिनिटांचे ‘शालेय नभोवाणी’ वृत्त देता येते. परवाना लागतो तो लहरी सोडण्यास. विचारपूर्वक ऐकण्यास व निर्भयपणे बोलण्यास लागत नाही.

एखाद्या केंद्राची परीक्षा कशी करावी, असे कोणी विचारल्यास त्याचे यंत्र पाहू नये. मागील आठवड्याचे कार्यपत्रक मागावे आणि त्यात किती निरनिराळ्या माणसांचे आवाज लागले, त्यांत स्त्रिया किती, मुले किती, वाड्यावस्त्यांवरील किती, हे मोजावे. ती संख्या वाढत असेल तर केंद्र जिवंत आहे असे समजावे. ती घटू लागली तर नव्या यंत्राची मागणी करण्यापूर्वी नव्या माणसांच्या दाराशी जावे. त्या भेटीस शाळेतील मुलांहून उत्तम सोबती मिळणार नाही, कारण प्रत्येक वस्तीतील घरे त्यांना ठाऊक असतात.